आपण पुसायचं नाही

आमचा बाळ्या रडायला लागला की मी पाघळते, हे अख्ख्या खानदानाला ठाऊक. धाकटा भाऊ, त्यात नाटकातला नट. रविवारी आला, माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसला, वर दिव्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, पोरं झोपेत तुझं नाव घेतात गं." त्या 'गं'वर आवाज फुटला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. मी हातानं त्याचे गाल पुसले आणि म्हटलं, "येते रे बाबा तुझ्याकडे राहायला, गप हो आधी."

त्याची बायको फिरतीच्या नोकरीवर, घरात जुळी पोरं. पण माझंही काही होतंच की! मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतते. दुसऱ्या गावी नवी शाखा निघतेय, तिथली मुख्य म्हणून मालकीणबाईंनी मला विचारलं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा अशीच एक जागा सोडली होती मी. तेव्हाही बाळ्या याच खुर्चीत रडला होता.

रविवारी जाताना बाळ्या चष्मा विसरला. सोमवारी कामावर जाता जाता म्हटलं, देऊन टाकू. तालमीच्या हॉलमध्ये तो नव्या मुलांना शिकवतो. दार उघडंच होतं. आत सतरंजीवर पोरंपोरी, आणि मधे आमचे गुरुवर्य.

"रडू ओढून आणायचं नाही," तो सांगत होता. "आधी तोंड मिटून जांभई द्या. नाकपुड्या फुगल्या तर पकडले जाल. मग पापणी न लववता दिव्याकडे बघा. पाणी आलं की अगदी साधं वाक्य बोला, आणि शेवटच्या शब्दावर आवाज सोडून द्या."

एका मुलीनं विचारलं, "सर, मग डोळे कधी पुसायचे?"

"वेडी का काय! आपण पुसायचं नाही. समोरच्याला पुसू द्यायचं. त्यानं एकदा गालाला हात लावला की तो नाही म्हणूच शकत नाही. घरी करून बघा."

पोरं खिदळली. घरी करून बघा म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चष्मा दाराजवळच्या चपलांच्या फळीवर ठेवला आणि आल्या पावली निघाले. कारखान्यात कापडावर खडूनं रेघा मारत राहिले. मी एवढी कशी बावळट, हेच दिवसभर डोक्यात. मालकीणबाईंनी विचारलं, "काय ठरवलंत?" म्हटलं, "जाते. नक्की जाते."

संध्याकाळी बाळ्या माझं सामान न्यायला हजर. बॅग रिकामी बघून म्हणाला, "हे काय, अजून भरली नाहीस?"

"मी येत नाहीये. नव्या शाखेतली नोकरी घेतलीय मी."

तो खुर्चीत बसला. जबडा जरासा ताणला, नाकपुड्या जागच्या जागी. नजर दिव्याकडे. इतकी वर्षं समोर बसून मला हे दिसलं कसं नाही?

"ताई, मी अगदी एकटा पडलोय गं."

पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं, शर्टावर टपकलं. माझा हात आपसूक उठला. मेला हातसुद्धा फितूर! मी तो दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

शेवटी त्यानंच बाहीनं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाला, "चष्मा तू ठेवलास होय फळीवर?"

"हो. आता एकच सांग. आई गेली तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडलास, ते तरी खरं होतं ना?"

या वेळी दिव्याकडे न बघता तो बोलला.

"तेव्हा मला रडूच येईना, ताई. सगळे बघत होते."

हे बोलताना त्याचे डोळे कोरडे होते आणि आवाज कुठेच फुटला नाही. खरं बोलत होता. म्हणजे त्या दिवशी आईसाठी मी एकटीच रडत होते. आणि ते रडणंही अर्धवट सोडून याचे डोळे पुसत बसले होते.