राहिलेला स्वल्पविराम

"हा अर्ज तुम्ही लिहिलेला नाही," कारकून एर्मेल म्हणाला आणि त्याने कागद खिडकीतून परत सरकवला.

बेत्साबेबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला. उपयोग नव्हता, मोतीबिंदूने दोन्ही डोळ्यांवर साय धरली होती. मग त्यांनी कागद हुंगला. शाई त्यांच्याच टाइपरायटरच्या फितीची होती.

सान ओनेसिमो गावच्या कोर्टासमोर, बदामाच्या झाडाखाली बाई एकतीस वर्षं टाइपरायटर बडवत होत्या. शेजारी मी लॉटरी विकायचो, तेव्हा माझ्या शब्दावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. झाडावरचे पोपट ओळ संपली की 'टिंग' करायचे. विमा कंपनीने उपचार नाकारले की माणूस बाईंकडे यायचा. बाई 'तुतेला' लिहायच्या, म्हणजे न्यायाधीशाला दहा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं असा अर्ज. शेवटची ओळ त्यांची स्वतःची: 'मी दया मागत नाही, साहेब, मी माझी पाळी मागतो.' या ओळीवर एका लंगड्याला एकाऐवजी दोन कृत्रिम पाय मंजूर झाले. जादाचा त्याने मेहुण्याला दिला.

मग कोर्टाने एआय आणलं. बाईंचे एकतीस वर्षांचे अर्ज त्याला चारले. पुढे ते फोनवरही फुकट मिळू लागलं, आणि बाईंसमोरची खुर्ची रिकामी झाली. आता विमा कंपनीने बाईंचीच शस्त्रक्रिया नाकारली, तेव्हा त्यांनी बोटांच्या सवयीने स्वतःसाठी अर्ज लिहिला.

"कोर्टाचं मशीन म्हणतंय, मजकूर मशीनचाच आहे," एर्मेल पुटपुटला. "ती शेवटची ओळ चार हजार अर्जांत आहे."

"मशीनला ती कुणी दिली रे?"

एर्मेलने मान खाली घातली. त्याच्या आईचं डायलिसिस त्याच ओळीवर सुरू झालं होतं. "मला माहीत आहे, बाई. पण तसं भरायला रकाना नाही."

ओळ काढून टाका, असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, "गावभर वाटली. माझ्याच वेळी काढू?"

एर्मेलने हाताने शिक्का मारला आणि अर्ज थेट न्यायाधीशांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. टेबलावरचा अर्जही मशीननेच वाचला होता, उत्तरही त्यानेच लिहिलं होतं. न्यायाधीशांची फक्त सही. झाडाखाली मी मोठ्याने वाचलं. अर्ज नामंजूर. शेवटी लिहिलं होतं: 'न्यायालय दया करत नाही साहेब, आपण आपल्या पाळीची वाट पाहावी.'

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

"मला साहेब म्हणतंय?"

"हो."

"थापाड्या, खरं सांग. साहेबच्या आधी स्वल्पविराम आहे?"

"नाही."

बाईंनी हात पुढे केला. कागद चाचपत टाइपरायटरमध्ये चढवला, रूळ फिरवला. मी त्यांचं बोट धरून जागा दाखवली. त्यांनी एकच कळ दाबली.

"बसला?"

स्वल्पविराम सहीवर पडला होता.

"अगदी जागेवर," मी म्हणालो.