गार तीर्थ आणि धाकटीचा रुमाल

"कुणाचंही रक्त लागलेलं कापड आणा! कापडावरून डाग उतरला की देहातून आजार उतरला!" गारवाले महाराज भरलेल्या सभागृहात गरजले. बर्फ घातलेल्या तीर्थात माझ्या धाकट्या बहिणीचा रुमाल पडला. तिला क्षय होता, खोकताना रक्त पडायचं. तासाभरात, न चोळता, रुमाल पांढराशुभ्र! टाळ्यांचा कडकडाट झाला, धाकटी रडली. घरी येऊन तिनं गोळ्या केरात टाकल्या.

मी इस्पितळाच्या धुलाईखात्यात बावीस वर्षं चादरी धुतोय. रक्त गरम पाण्यात पक्कं बसतं, त्याला गार पाणीच लावायचं, हे तिला मीच शिकवलेलं. तिथंच घोळ झाला.

"दादा, गार पाण्यात गुण असतो, तूच म्हणतोस ना?"

मी ते हसण्यावारी नेलं. म्हटलं, उतरेल खूळ. चार महिने गेले आणि ती हाडांचा सापळा झाली. मग मात्र मी तिला घेऊन महाराजांच्या सभागृहात गेलो. तीर्थात बोट बुडवलं, तर आमच्या धुलाईच्या पावडरीचा ओळखीचा बुळबुळीतपणा!

तिथल्याच स्वयंपाकघरात मी अर्धं तीर्थ उकळलं, बर्फात ठेवून पुन्हा गार केलं. धाकटीच्या दुसऱ्या, रक्ताळलेल्या रुमालाचे दोन तुकडे केले, एक उकळलेल्या तीर्थात टाकला, एक साध्या.

"मंत्र उकळल्यानं मरत नाही ना, महाराज?"

तासाभरानं साध्या तीर्थातला डाग गेला होता. उकळलेल्यातला तसाच होता.

मी लोकांना सांगितलं, "बर्फाळ समुद्रात जिवाणू राहतात. त्यांना गारठ्यातच अन्न पचवावं लागतं, म्हणून त्यांची एन्झाइमं, म्हणजे पाचक द्रव्यं, थंडीतही काम करतात. कारखान्यात तशी एन्झाइमं बनवून पावडरीत घालतात. पाणी तापवायला नको, वीज वाचते. ती रक्तातलं प्रथिन कातरतात. उकळली की निकामी होतात. बाकी मंत्रबिंत्र काही नाही."

"श्रद्धा कमी पडली," असं पुटपुटत महाराजांनी मागच्या दारानं काढता पाय घेतला.

धाकटी दोन्ही तुकडे हातात घेऊन बसली होती.

"दादा, हे पहिल्याच दिवशी का नाही दाखवलंस?"

मी तिला तसंच इस्पितळात नेलं. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण आजार आता औषधाला जुमानेना. तिला जाऊन सहा महिने झाले. फार आठवण येते.

म्हणून हात जोडून सांगतो, कापड धुतल्यानं फुप्फुस धुतलं जात नाही. गोळ्या पुऱ्या घ्या. आणि घरचं माणूस असं काही मानू लागलं, तर हसू नका. त्याच दिवशी जवळ बसा आणि करून दाखवा. मी हसलो होतो.