मोयनोकच्या पायाखाली

आयपेरीची फरशी इतकी चकचकीत होती की छताचं झुंबर बघायला मान वर करावी लागत नसे, खाली बघितलं तरी दिसायचं. पांढरीशुभ्र फरशी. नवऱ्याने, म्हणजे नुरदीनने, ती नारिनहून आपल्याच ट्रकमधून आणली होती, आणि तसल्या रस्त्यावर एकही लादी फुटू दिली नव्हती. अख्ख्या आत-बाशी गावात अशी फरशी दुसरी नव्हती. आयपेरी ती पुसायची तेव्हा जवळून बघणाऱ्याला वाटावं, बाळाचं तोंड पुसतेय.

तिच्या सासऱ्याला, कासिमालीला, ती फरशी पहिल्या दिवसापासून परकी वाटायची. त्याचा जन्म मेंढ्यांमागे डोंगरात गेला होता. पायाखाली गवत, नाहीतर माती, नाहीतर बर्फ. या फरशीवर तो लोकरी मोजे घालून भिंतीच्या कडेकडेने चालायचा. पण सुनेच्या हौसेला नाक मुरडणारा म्हातारा व्हायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, म्हणून मूग गिळून गप्प होता.

तोंड उघडायची वेळ आणली ती मोयनोकने. मोयनोक त्याचा मेंढ्या राखणारा कुत्रा. वासराएवढा, गळ्याभोवती पांढरा पट्टा, कान आणि शेपूट पिल्लूपणीच कापलेलं. लांडग्यांना पुरून उरलेला, पण आता मागच्या पायांनी त्याची साथ सोडली होती. सोबतीला त्याची लेक आकतोश, तीही वासराएवढीच, अक्कल मात्र अजून पिल्लाची. दोघंही अंगणात राहायची. कुत्रं घरात घेणं कासिमालीच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

यंदा थंडी लवकर उतरली आणि एका सकाळी मोयनोकला उठताच येईना. गुरांच्या डॉक्टरने त्याचे खुबे चाचपले.

"सांधे झिजलेत. उबेत ठेवा, अंगाखाली मऊ काहीतरी घाला. आणि घसरू देऊ नका. आता जोरात घसरला तर पुन्हा उभा राहायचा नाही."

डॉक्टर गेल्यावर कासिमाली म्हणाला, "मी त्याला घेऊन डोंगरातल्या वरच्या झोपडीत जातो. तिथं मातीची जमीन आहे. हिवाळा काढू दोघं."

"या थंडीत?" आयपेरी म्हणाली. "तुमचे गुडघे तरी धड आहेत का, बाबा? तुम्हाला खाली आणायला मग आणखी कुणाला तरी पाठवावं लागेल. आत घ्या त्याला."

"घरात? लोक काय म्हणतील?"

"लोक आले तर चहा देईन. लग्न होऊन आले तेव्हा मी रोज रडायचे. तुम्हाला कुणाला पत्ता नव्हता. हा मात्र दाराबाहेर येऊन बसायचा. आत घ्या म्हणते ना."

कासिमालीला हे खरंच माहीत नव्हतं. त्याने कुत्र्याला आधार देऊन उठवलं आणि आत आणलं. मोयनोकने दोन पावलं टाकली आणि त्याचे चारी पाय चार दिशांना गेले. म्हाताऱ्याने पोटाखाली हात घालून त्याला वरच्यावर धरला म्हणून खुबा वाचला.

"थांब, इलाज आहे," कासिमाली म्हणाला, आणि पेटीवर गुंडाळून ठेवलेला नमदा खाली काढला. मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा, त्यावर लाल आणि काळ्या शिंगांची नक्षी. त्याच्या बायकोने, सोनुनबुबूने, जाण्याआधी शेवटचा केलेला. डोंगरातल्या तंबूत नमदा अंथरला की त्यावर घोडा नाचवला तरी हलत नाही, हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. तंबूत नमद्याखाली गवत असतं, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

कोण आलं बघायला आकतोश अंगणातून उधळत आत शिरली आणि नमद्यावर झेपावली. नमदा, आकतोश आणि वाटेतली चहाची किटली अशी सगळी वरात थेट भांड्यांच्या कपाटापर्यंत गेली.

"वा, चांगला इलाज," आयपेरी म्हणाली. मग तिला हसू आवरेना, आणि म्हाताऱ्यालाही.

हसणं थांबल्यावर ती फरशीकडे जरा वेळ बघत राहिली. "चला, नारिनला जाऊ," ती म्हणाली. "हिच्यावर काहीतरी घालावंच लागणार."

"तुझी फरशी आहे ती, पोरी."

"माझीच आहे. म्हणून तर मी म्हणतेय."

तिने जुनी गाडी काढली आणि मागच्या सीटवर दोन्ही कुत्री बसवली. नारिनला फरशीच्या दुकानात दुकानदारीण हात पसरून आडवी आली. "आजोबा, कुत्री बाहेर."

"गिऱ्हाईक तीच आहेत," कासिमाली म्हणाला. "मी नुसता सोबतीला आलोय."

लाकडासारख्या दिसणाऱ्या गुळगुळीत पट्ट्यांवर मोयनोकची नखं टकटक वाजली आणि पाय फाकायला लागले. जाड गालिच्यात आकतोशचं नख अडकलं, तिने ओढलं, आणि धाग्यांचा गुंता वर आला. दुकानदारीण बघत होती, म्हणून कासिमाली तेवढ्यापुरता छताकडे बघत राहिला. अंगणात घालतात तसली खडबडीत लादी होती, तिच्यावर मोयनोक ताठ उभा राहिला, पण त्या गार दगडावर बसायला तयार होईना. शेवटी कोपऱ्यातली एक गुंडाळी निघाली. लिनोलियम, पण जाडजूड, वरून बारीक दाणेदार, खालून रबराची पाठ. शाळेच्या व्हरांड्यात घालतात तसलं. कासिमालीने थर्मासमधला चहा त्याच्यावर ओतला आणि बुटाने घासून बघितलं. सरकलं नाही. खिशातला चाकू काढून ओरखडा ओढला. उमटला न उमटला. मोयनोक त्या ओल्या जागेवर गेला, उभा राहिला, आणि हलकेच वळलासुद्धा.

रंग चिखलाचा होता.

"हाच रंग आहे का?" आयपेरीने विचारलं.

"हाच."

आयपेरीने ओठ आवळले. "द्या," ती म्हणाली.

ते अंथरायला सून आणि सासरा दोघंच होते. नुरदीन माल घेऊन दूर गेला होता. एकेक पट्टा डिंकाने चिकटवत ते दारापासून शेगडीपर्यंत आले. शेवटचा पट्टा टाकण्याआधी आयपेरीने उरलेल्या लाद्या पदराला हात पुसावा तशा सहज, ॲप्रनच्या टोकाने पुसल्या. कासिमालीने ते पाहिलं. आता पुसून कुणाला दिसणार होत्या त्या?

शेगडीजवळ त्याने पुन्हा सोनुनबुबूचा नमदा घातला. या वेळी तो जागचा हलला नाही. मऊ, उबदार, डॉक्टरने सांगितलं होतं तसा. आकतोशने आत येऊन चार उड्या मारल्या, घसरली नाही, आणि नमद्यावर पसरली. मोयनोक सावकाश दारातून आला, नीट पावलं टाकत. नमद्याच्या कडेशी आला आणि थांबला.

"ये," कासिमाली म्हणाला. मोयनोकने त्याच्याकडे पाहिलं. मग मागे वळला आणि दाराच्या फटीतून वारा येत होता तिथं जाऊन अंग टाकलं. मांसाचा तुकडा दाखवला तरी नाही. गळपट्टा धरून ओढला तर पुढचे पाय रोवून कण्हायला लागला. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच म्हणतात. याला शेपूटच नव्हतं, याचा वाकडेपणा सगळा डोक्यात होता.

"अजून घसरायची भीती वाटते का त्याला?" आयपेरीने विचारलं.

कासिमाली नमद्याच्या कडेला बसला. त्याला आता आठवलं होतं. "नाही गं. पिल्लू होता तेव्हा तंबूतल्या नमद्यावर चढला होता. सोनुनबुबूने नाकावर चमचा मारला आणि म्हणाली, नमद्यावर पाय नाही. एकदाच म्हणाली. ही आकतोश ती गेल्यावर जन्मली, हिला कुणी शिकवलंच नाही." त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. "ती गेली, आम्ही सगळे हळूहळू आपल्या मनाचं करायला लागलो. तिचं ऐकणारा हा एकटाच उरलाय."

"तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकतो तो."

"मेंढ्यांच्या बाबतीत ऐकतो माझं. नमद्याचा हुकूम पुरुषाचा नसतो, घरधनिणीचा असतो. माझ्या सांगण्याने तो मोडायचा नाही."

आयपेरी शेगडीत लाकूड घालायला उठली, आणि नमद्याला वळसा घालून गेली. येताना पुन्हा वळसा. कासिमालीने ते पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं की पाहुण्यांसाठी नमदा अंथरला जाई तेव्हाही ती कधीच त्यावर पाय ठेवत नव्हती. कित्येक वर्षं झाली होती लग्नाला.

"तू का वळसा घालतेस?"

ती गोंधळली. "आईंनी सांगितलं होतं, आले तेव्हा. नमदा पाहुण्यांसाठी असतो म्हणून."

"म्हणजे तिचं ऐकणारे दोघं आहात तर." म्हातारा उठून नमद्यावरून खाली उतरला. "चूक माझी नाही, तिची नाही, कुणाचीच नाही. पण ती गेल्यावर कुणीतरी तुला सांगायला हवं होतं. या घराची धनीण तू आहेस, पोरी. काढ चपला. आधी तू ये."

"बाबा, मला कसंतरीच होतंय."

"होणारच. ये."

आयपेरीने चपला काढल्या. एक पाय ठेवला, मग दुसरा. शिंगांच्या नक्षीवरून चालत ती बरोबर मधोमध गेली आणि खाली बसली. आकतोशने डोकं उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. दाराशी मोयनोक उठून उभा राहिला होता.

आयपेरीने हात पुढे केला. "कुचू, कुचू," सोनुनबुबू पिल्लांना हाक मारायची तशी तिने हाक मारली. "ये रे. पाय ठेवलास तरी चालेल. मी सांगते."

मोयनोक चिखलाच्या रंगाच्या त्या लिनोलियमवरून न घसरता कडेपर्यंत आला. एक पंजा नमद्यावर ठेवला आणि नाक मागे ओढून घेतलं, मार बसणार असल्यासारखं. मार बसला नाही. मग दुसरा पंजा. मग ते लंगडे मागचे पाय. आयपेरीजवळ येऊन तो सावकाश खाली बसला आणि मोठा श्वास सोडला.

कासिमाली दाराशी गेला, वारा येणाऱ्या फटीत फडकं कोंबलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभाच राहिला.

"बाबा," आयपेरी म्हणाली, "तुम्ही पण या आता. जागा आहे."