पट्टीवर लिहिलेलं

आमचे वायरकाका माणसांशी खोटं बोलले, पण यंत्राशी तसं बोलायला त्यांची जीभ रेटली नाही. त्यातच सापडले.

त्यांच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या दुकानात मी नऊ वर्षं काम करते. रेकॉर्डर भंगारात गेला तरी आतली हार्ड डिस्क काढून ठेवायची, तिच्यावर कागदी पट्टी चिकटवायची, हा काकांचा नियम. पट्टीवर जागा, तारीख आणि 'चांगली' किंवा 'खराब'. "डिस्क बिचारी मुकी. तिच्यावर खोटं लिहायचं नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

परवा एका शाळेला जुनं रेकॉर्डिंग हवं होतं. काका डोळे दाखवायला गेलेले, म्हणून मीच माळ्यावरची पेटी उपसली. शाळेची डिस्क काही मिळाली नाही. कापडाच्या गोदामाची मिळाली. तारीख मला तोंडपाठ होती. पुढे काकांचं ठसठशीत अक्षर : चांगली.

माझे बाबा त्या गोदामात मालाची लिफ्ट चालवायचे. त्या दिवशी लिफ्ट दुरुस्तीसाठी वर थांबवली होती. खालच्या उघड्या दारापुढे 'बंद'ची पाटी नव्हती, आणि एक हमाल खड्ड्यात पडून जन्माचा लंगडा झाला. "पाटी मी लावली होती," असं बाबा चार दिवस कंठशोष करून सांगत होते. मग कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघायला त्यांचे जुने स्नेही म्हणून वायरकाकांना बोलावलं. काकांनी रेकॉर्डर उघडला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "डिस्क खराब आहे. काही निघत नाही." बाबांची नोकरी गेली. वर्षभरात बाबा स्वतःच म्हणायला लागले, "विसरलो असेन गं." तेव्हापासून ते घराचं कुलूप तीनदा ओढून बघतात आणि तो हमाल दिसला की गल्ली बदलतात.

डिस्क कॉम्प्युटरला लावली की तो विचारतो, ही वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? नवशिके इथेच 'हो' म्हणतात आणि सगळं पुसून बसतात. मी 'नाही' म्हटलं. फळीवर त्याच कंपनीचा जुना रेकॉर्डर होता. डिस्कवर नवीन काही भरलं जाऊ नये म्हणून आधी रेकॉर्डिंग बंद केलं, मग डिस्क आत बसवली.

बाबा दिसले. केस काळे. त्यांनी पाटी दारापुढच्या साखळीला अडकवली, चार पावलं गेले, परत येऊन ओढून बघितली. वीस मिनिटांनी मॅनेजर आला. हातगाडी वळवायला अडचण होत होती, म्हणून त्याने साखळी सोडली, पाटी काढून भिंतीला उलटी टेकवली आणि विसरला. मग हमाल आला. पुढचं मी बघितलं नाही.

दुपारी काका आले. मी डिस्क त्यांच्यापुढे ठेवली. पट्टी वाचून ते स्टुलावर बसले.

"मॅनेजर माझा साडू," ते म्हणाले. "त्याची पोरं लहान होती."

"आणि आमच्या घरी काय मांजरं होती?"

"म्हणून तर तुला इथे घेतलं ना. पोटच्या पोरीसारखं शिकवलं."

नऊ वर्षं मी या माणसाला देवमाणूस म्हणत होते. वायर सोलायलासुद्धा ज्यांच्याकडून शिकले, त्यांनीच केसाने गळा कापला होता.

"मग 'चांगली' का लिहिलंत?"

"चांगलीच होती," काका म्हणाले. "खोटं कसं लिहू?"

मी डिस्क आणि रेकॉर्डर उचलून घरी आणला, टीव्हीला जोडला. बाबांनी मॅनेजरकडे बघितलंसुद्धा नाही. ते स्वतःकडेच बघत होते. "ओढून बघतो ते परत लाव," म्हणाले. मी तीनदा लावलं.

"म्हणजे लावली होती मी." त्यांनी डोळे पुसले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आधी तुझ्या वायरकाकांना दाखव हे. बिचाऱ्याने तेव्हा किती खटपट केली होती माझ्यासाठी."