पायाळू

देवजी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला. आणि पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं, अशी गावाची जुनी खात्री होती. तळहातावर नारळ धरून त्याने अकरा विहिरींच्या जागा दाखवल्या आणि अकराही विहिरींना पाणी लागलं. यंदा मात्र त्याने सांगितलेल्या तिन्ही बोअरमधून नुसता धुरळा आला.

"आजोबा, तेव्हा कुठंही खणलं तरी पाणी लागलं असतं," भूगर्भशास्त्र शिकलेली नात शीतल म्हणाली. देवजीने तिच्याशी आठ दिवस अबोला धरला. मग त्याच्या लक्षात आलं, की त्याने नको म्हटलेल्या जागी कुणी कधी खणून पाहिलंच नव्हतं.

त्याने चारचौघांत सांगून टाकलं, "माज्यात काय नाय रे. कदीच नवतं."

"बाबा, मोतीबिंदू काढलात ना, त्यानी गुण गेला," जमलेल्यांतला सुनील हसत म्हणाला. "येल परत."

गावातल्या जनाबाईने देवजीच्या हातात नारळ ठेवला. "माज्या परसात बगा. पोटुशी सून लांबून पाणी आणते."

त्याला नाही म्हणवेना. तो परसात चालत राहिला. दम लागून जिथे थांबला, तिथे जनाबाईने खुणेचा दगड ठेवला.