डावी रांग, उजवी रांग

बाळांनो, डोळे मिटा आणि एक खोली मनात उभी करा. खिडकी नाही. समोरासमोर पारदर्शक डब्यांच्या दोन रांगा, दर डब्यात एक पांढरा म्हातारा उंदीर. रंगाने, आकाराने सगळे सारखे. ओळख डब्यावरच्या कार्डाची. उजव्या रांगेला पेप्टाइड टोचायचं, म्हणजे प्रयोगशाळेत जुळवलेला प्रथिनाचा बारीकसा तुकडा. त्याने म्हातारपण लांबणीवर पडतं का, अंगात गाठी व्हायच्या टळतात का, हे संशोधक बाई दोन वर्षं पाहत होत्या. डाव्या रांगेला नुसतं मिठाचं पाणी. सुई मात्र दोघांना सारखीच.

टोचायला आणि निगा राखायला दोघी बायका: डावी रांग थोरलीची, उजवी धाकटीची. दोघी सख्ख्या जावा. धाकटीला इथं कामाला चिकटवलं थोरलीनेच. आता पाहुणे वळायचे ते उजवीकडे, फोटो निघायचे ते धाकटीचे.

"माझे बघा कसे तुकतुकीत!" धाकटी म्हणाली. "ताई, तुमचे पार पिचले हो."

"औषधाचा गुण गं, तुझ्या हाताचा नव्हे."

"हातालाही गुण असतो, ताई!"

थोरलीला ते झोंबलं. दुपारी धाकटी जेवायला गेली, तशी तिने आपला पोटाला गाठ आलेला उंदीर उचलून समोरच्या एका डब्यात सोडला, आणि तिथला टवटवीत आपल्याकडे घेतला. होऊ दे तिच्याही रांगेत एक गाठ!

वळते तो दाराशी स्टुलावर तिची नात. सुट्टी म्हणून सोबत आलेली, ढगळ टोपी भुवयांपर्यंत.

"कुणाला सांगायचं नाही. शपथ?"

"शपथ," नात हळूच म्हणाली.

संध्याकाळी उंदीर तपासताना बाईंच्या बोटांना ती गाठ लागली. त्या मटकन खुर्चीत बसल्या. "उजवीकडे गाठ? आजवर एक नव्हती. उद्या निष्कर्ष पाठवायचे होते हो! दोन वर्षं पाण्यात."

"माझंच टोचायचं चुकलं असेल, बाई." धाकटीला रडू फुटलं. ती थोरलीकडे वळली. "ताई, सुई धरायला तुम्हीच शिकवलंत मला. सांगा ना, कुठं चुकले मी?"

थोरली डाव्या रांगेतली कार्डं सरळ करू लागली.

आणि नात? तिने शपथ मोडली नाही. ती स्टुलावरून उतरली, अदलाबदल झालेले ते दोन डबे एकेक करून दोन्ही हातांनी उचलून आणले, आजीच्या पुढ्यात शेजारी शेजारी ठेवले, आणि टोपी मागे सारून आजीच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.