दोनशे बारा कागद

दारावर टकटक झाली तशी आयोनी रिकेट्स हातातल्या कपबशीसकट जिन्याच्या चौथ्या पायरीवर जाऊन बसली. खालच्या मजल्यावर कुठल्याही खिडकीतून न दिसणारी तेवढी एकच जागा होती. एकसष्टाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, सकाळी अकरा वाजता स्वतःच्याच घरात लपून बसायचं, म्हणजे खरं तर हसू यायला हवं. हसू आलं नाही. बशीत चहा मात्र सांडायला लागला.

ही पायरी तिच्या वडिलांनी शोधून ठेवली होती. इंग्लंडमधल्या या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये तेव्हा गोऱ्या पोरांची टोळकी शनिवारी गल्लीतून हिंडत आणि ‘परत जा’ असं भिंतींवर रंगवून जात. वडील ओतकामाच्या कारखान्यातून दमून आले, तरी निजण्याआधी दारातल्या टपालाच्या फटीखाली पाण्याची बादली ठेवत. कुणी त्या फटीतून पेटती चिंधी आत टाकली, तर ती पाण्यात पडावी म्हणून. चिंधी कधी आली नाही. त्या फटीतून गेल्या मार्चमध्ये जे आलं, त्याला बादलीचा उपयोग नव्हता. ते गृहखात्याचं पत्र होतं. या देशात राहण्याचा आपल्याला हक्क असल्याचं आमच्याकडे नोंदलेलं नाही, असं त्यात फार सभ्य भाषेत लिहिलं होतं.

फटीवरचं झाकण वर उचललं गेलं.

“आयोनी, तुझे पाय दिसतायत मला. उघड. सूप गार होतंय.”

सिस्टर पर्लीन होती. चर्चमधली, पंचाहत्तरीची, चाळीस वर्षं इस्पितळात रात्रपाळ्या केलेली. ‘आज बरं नाही’ हे कारण तिच्यापुढे चालत नसे, कारण ती लगेच नाडी बघे. आज तिने नाडी बघितली नाही. भोपळ्याच्या सुपाचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि तीन रविवार चर्चला का आली नाहीस, एवढंच विचारलं.

आयोनीने सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण सूप हुंगलं आणि सगळं बाहेर पडलं. शाळेच्या स्वयंपाकघराचं कंत्राट नवीन माणसांकडे गेलं. त्यांनी सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. आयोनीकडे पासपोर्ट नव्हता. कुठं जायचंच नव्हतं तर काढायचा कशाला? आठ वर्षांची असताना मोठ्या भावाच्या पासपोर्टवर जमैकाहून आली होती, त्रेसष्ट साली, आणि आल्यापासून ब्लॅकपूलच्या किनाऱ्यापलीकडे गेली नव्हती. एकतीस वर्षं पोरांना कस्टर्ड वाढलं होतं. नव्या माणसांनी तिला घरी बसवलं आणि वर कळवलं. वरून पत्र आलं. त्रेपन्न वर्षं इथेच होतात ना, मग प्रत्येक वर्षाचे चार कागद आणा.

तिने फोन करून विचारलं होतं की माझा कर तर दर महिन्याला तुम्हीच कापलात, तुमच्याकडे असेलच की लिहिलेलं. फोनवरचा मुलगा म्हणाला होता की ते खातं वेगळं.

“मग दे ना कागद,” पर्लीन म्हणाली. “तुझ्या व्हर्नलच्या त्या पत्र्याच्या पेटीत चिटोरं न् चिटोरं होतं. दुधाची बिलंसुद्धा जपायचा तो. आम्ही हसायचो त्याला.”

डोक्यावर पदर नसलेल्या बाईला तोंड लपवायला जागा नसते. आयोनी सुपात चमचा फिरवत राहिली.

पर्लीनला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती खुर्ची न ओढताच बसायला गेली आणि टेबलाला धरून सावरली.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा व्हर्नल गेला. जमैकन माणसाचं असं असतं की तो मेला तरी लगेच जात नाही. नऊ दिवस घरातच घुटमळतो. नवव्या रात्री सगळ्यांनी जमून, गाऊन, त्याच्या नावाने तळलेले मासे आणि रम ठेवून त्याला वाटेला लावायचं असतं. आणि मग त्याची खोली पालटायची. गादी उलटी करायची, पलंग दुसऱ्या भिंतीला लावायचा, त्याच्या वस्तू घराबाहेर काढायच्या. परत आलाच तर त्याला वाटावं, हे आपलं घर नव्हे. ही सगळी मांडामांड पर्लीननेच केली होती; असल्या गोष्टींत तिचा शब्द शेवटचा. पेटीपाशी आयोनी अडखळली होती. पर्लीन म्हणाली होती की पेटीवर त्याचा सगळ्यात जास्त जीव, तीच आधी जाऊ दे. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीने पेटी नेली.

“त्याला घर ओळखू येऊ नये म्हणून केलं मी,” पर्लीन हळूच म्हणाली. “आता तूच कुणाला ओळखू येईनास.”

“तुम्ही मुद्दाम केलं का?”

“मुद्दाम केलं असतं तर माफी मागता आली असती, पोरी.”

आयोनीने पत्र पुढे सरकवलं. गुरुवारी, दहा वाजता, कचेरीत हजर राहायचं होतं. पुढच्या गल्लीतला एक गृहस्थ असाच हजर राहायला गेला आणि तिथूनच त्याला देशाबाहेर धाडायला गाडीत घालून नेलं, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्याच्या दारातल्या कुंड्या अजून तशाच होत्या.

“सिस्टर पर्लीन, तुम्ही तिकडे जमैकाला तुमच्या भावाच्या मातीला गेला होतात ना?” आयोनीचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “विमानतळातून बाहेर पडल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे? तेवढं तरी सांगून ठेवा. तिथं माझं कुणीच नाही.”

पर्लीन म्हणाली की मला न्यायला पुतण्या आला होता, मी रस्त्याकडे बघितलंच नाही.

गुरुवारी दोघी दोन बस बदलून गेल्या. आयोनीने चर्चची निळी टोपी घातली होती. दारातल्या पहारेकऱ्याने ती काढायला लावली आणि ट्रेमध्ये ठेवून आत काही आहे का, ते चाचपून पाहिलं. सोबतच्या माणसाला आत येता येणार नव्हतं. पर्लीन बाहेर फुटपाथवर उभी राहिली, पर्स पोटाशी धरून, एखाद्या रुग्णाच्या खाटेपाशी उभी राहावी तशी.

आत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रत्येक वेळी बाजूचं करडं दार उघडलं की सगळ्यांच्या माना खाली जात. एका म्हाताऱ्याला त्या दारातून बोलावलं. तो गेला आणि अर्धा तास झाला तरी बाहेर आला नाही. आयोनीला लघवीला लागली होती, पण उठली तर आपला नंबर निघून जाईल आणि मग पळून गेली असं लिहितील, म्हणून ती पाय आवळून बसली.

खिडकीमागची मुलगी पंजाबी होती, नाकात बारीक चमकी. हिचा आजोबाही कदाचित आपल्या वडिलांबरोबर त्याच भट्टीवर घामाघूम झाला असेल, असं आयोनीला वाटलं, पण विचारायची छाती झाली नाही. मुलीने चर्चचं पत्र, शाळेचं पत्र, तीन पगाराच्या चिठ्ठ्या बघितल्या. “एवढंच?” असं म्हणाली, वाईट वाटल्यासारखं. मग तिने एक फॉर्म खाली सरकवला.

“आज तुम्ही घरी जाऊ शकता. दर पंधरा दिवसांनी यायचं. हा भरून द्या तेवढा.”

नाव. जन्मतारीख. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, आपल्या देशातील पत्ता.

आयोनी त्या ओळीकडे बघत राहिली. तिला एक घर आठवत होतं, पत्र्याचं छप्पर, पावसाचं पाणी साठवायचं टाकं, आजीच्या झग्याचा निळा रंग. त्या घराला नंबर नव्हता. रस्त्याला नाव होतं की नाही, कुणास ठाऊक. तिने पेन उचललं आणि लिहिलं, एकोणतीस, हॅरो लेन, वुल्व्हरहॅम्प्टन.

मुलीने कागद वाचला. करड्या दाराकडे एक नजर टाकली आणि काचेजवळ वाकली.

“हा नाही, बाई. तिकडचा.”

“मला तिकडचा येत नाही.”

“काहीतरी लिहावं लागेल. हे अपुरं धरतील.”

आयोनीने हात पुढे केला. मुलीने कागद परत दिला. मागे कुणीतरी खोकलं, करडं दार उघडलं. पण आयोनीने मान वर केली नाही. एकेक अक्षर सुटं सुटं काढत, शाळेत शिकवलं होतं तसं, तिने हॅरो लेनच्या त्याच पत्त्याखाली राहिलेला पोस्टकोड लिहिला आणि कागद आत सरकवला.